रौतीचा हात

गाळप सुरू व्हायच्या आधीचा आठवडा आला की बेल रिपोजच्या साखर कारखान्यात सगळ्या फिटर लोकांच्या अंगात येतं. कुणी कुणाशी सरळ बोलत नाही. याचा पाना त्यानं उचलला, त्याची बादली यानं सांडली, नुसता आरडाओरडा. आणि त्या गोंधळातून एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई शांतपणे चालत येते, उजव्या हाताचा मोजा काढते आणि फिरत्या शाफ्टच्या बेअरिंगवर तळवा ठेवते. तेवढा वेळ सगळे गप्प. तिनं मान हलवली तर ऊस आत सोडायचा, नाही हलवली तर वाफ बंद. मग कितीही मोठा साहेब घड्याळ दाखवत उभा राहो.

ती चंद्रौती सुखदेव, आमची रौती. अख्ख्या बर्बिस किनाऱ्यावर तिच्यासारखा फिटर नाही, आणि हे ती स्वतःच सांगते, दुसऱ्या कुणाला त्रास देत नाही. नव्या पोरापोरींना वाटतं ही अशीच जन्माला आली असणार. जन्माला आली म्हणे! आम्हाला विचारा. भर दुपारी, सगळ्या कारखान्यादेखत, निळं तोंड करून रडताना आम्ही पाहिलंय तिला.

उसाच्या इस्टेटीच्या शिकाऊ शाळेनं पहिल्यांदा मुली घेतल्या, त्या वर्षी रौती शिरली. तिची आई दुलारी उसात खुरपणीच्या टोळीत होती. लेकीनं शिवण शिकावं, नाही तर शाळेत मास्तरीण व्हावं, असं तिच्या मनात. फिटर म्हटल्यावर ती चुलीपुढून उठलीच.

"अगं, लोखंड घासून हाताची सालटी निघाल्यावर बायको करणार कोण तुला?"

"हात बघून करणारा नकोच मला, मा. तोंड बघून करू दे. तोंड चांगलंय माझं."

"तोंडच तर नडणार आहे तुझं!" दुलारी म्हणाली, आणि दोन दिवस लेकीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र दालपुरीचा डबा भरून तिनंच सायकलला लटकवला.

शिकाऊ शाळेत तेव्हा अंकल एगबर्टचं राज्य होतं. काळाभोर, ताडमाड माणूस, पांढरीशुभ्र मिशी, बोलणं बेतानं. तो स्वतः एका स्कॉटिश फोरमनच्या हाताखाली मार खात शिकलेला. त्यानं कुणाला कधी मारलं नाही, पण त्याचं नुसतं "हं" ऐकलं की पोरं आपलं काम पुन्हा तपासायला लागायची. पहिल्याच दिवशी त्यानं रौतीच्या पुढ्यात लोखंडाचा एक ओबडधोबड गोळा टाकला आणि हातात कानस दिली.

"याचं काय करू, अंकल?"

"चौकोन."

"कसला चौकोन?"

"चौकोनी चौकोन."

झालं, तिथून कानशीला सुरुवात. सकाळी घासायचं, दुपारी घासायचं. मग अंकलपुढे नेऊन ठेवायचं. तो त्या तुकड्याच्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, दोन्ही खिडकीकडे धरायचा आणि एक डोळा मिटून मधल्या फटीतून बघायचा. "उजेड दिसतोय," म्हणायचा. बस्स. परत जाऊन घास. रौतीच्या तळव्याला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. शेजारच्या बाकावर वेव्हेल नावाचा एक लांबुळका पोरगा होता, तो अंकलची नक्कल करत गुण्या वर धरायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "रौती, तुझ्या तुकड्यातून तर जॉर्जटाऊन दिसतंय गं!"

"तुझ्यातून पलीकडचं सुरीनाम दिसतंय," रौती म्हणायची. "तिथली माणसं हात हलवतायत बघ तुला."

पण एक दिवस अंकलनं गुण्या लावला, डोळा मिटला, आणि काही न बोलता तुकडा तिच्या हातात परत दिला. उजेड दिसत नव्हता. तुम्हाला सांगतो, त्या दिवसानंतर या पोरीची मान जी ताठ झाली, ती आजतागायत खाली आलेली नाही. एकदाच आली, ती त्या निळ्यापायी.

बेअरिंग बसवायचं काम तसं सांगायला सोपं आहे. शाफ्ट ज्या पाळण्यात फिरतो, त्या पाळण्याला आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. ते शाफ्टला सगळीकडे सारखं टेकलं पाहिजे. म्हणून शाफ्टला निळा रंग लावायचा, बोटाला जेमतेम लागेल इतका पातळ. अस्तर त्यावर बसवून फिरवायचं, काढायचं आणि बघायचं. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तो खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा बसवा, पुन्हा खरवडा. असं करत करत सगळ्या अस्तरावर बारीक बारीक निळे ठिपके उमटले की काम झालं.

शाळेच्या अंगणात सरावासाठी एक जुना पाण्याचा पंप होता. त्याचं बेअरिंग दुसऱ्या वर्षी रौतीकडे आलं. तिला घाई फार. तिनं बोट भरभरून निळा घेतला आणि शाफ्टवर असा थापला की काय सांगावं. अस्तर बसवलं, फिरवलं, काढलं, तर आतून सगळं निळंशार! जेवायची घंटा व्हायच्या आत पोरगी कमरेवर हात ठेवून उभी.

"झालं, अंकल. सगळीकडे टेकलंय."

अंकल एगबर्टनं वाकून बघितलं. "सगळीकडे?"

"तुम्हीच बघा की."

"हं," तो म्हणाला. "लाव मग. चालू कर."

पंप चालू झाला तेव्हा जेवायला निघालेली माणसं कुंपणापाशी थांबली होती. मुलीनं बेअरिंग बसवलंय म्हणजे बघायला नको का? थोडा वेळ बरं चाललं. मग कर्र आवाज आला, मग वास, मग धूर. थांबवून उघडलं तर सगळं अस्तर वितळून पुसलं गेलेलं. निळा इतका जाड होता की खोलगट भागालासुद्धा लागला होता. अर्धं अस्तर शाफ्टला टेकलंच नव्हतं, आणि या बाईसाहेब म्हणे सगळीकडे टेकलंय!

कुंपणापाशी जो हशा पिकला, तो विचारू नका. रौतीला रडू फुटलं आणि तिनं डोळे पुसले ते निळ्यानं माखलेल्या हातांनी. कपाळापासून हनुवटीपर्यंत निळी. "निळी!" वेव्हेल ओरडला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

ती तशीच अंकलपुढे जाऊन उभी राहिली. "तुम्हाला दिसलं होतं ना, रंग जास्त झालाय ते?"

"दिसलं होतं."

"मग थांबवलं का नाही?"

"सरावाचा पंप आहे. कुणाचं काही जात नाही. तोंड धुऊन ये आणि नवीन अस्तर घे."

रौतीनं तोंड धुतलं आणि नवीन अस्तर घेतलं. त्यानंतर तिनं निळा असा लावायला सुरुवात केली की शाफ्टवर आहे की नाही ते शोधावं लागे. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी तिला चैन पडेना. वेव्हेल म्हणायचा, "ही आता बेअरिंगमधून वारासुद्धा जाऊ देणार नाही." यातलं अर्धं खरं होतं, हे पुढे कळलं.

आता आमच्याकडची रीत सांगतो. अप्रेंटिसचा कागद राजधानीतून, जॉर्जटाऊनहून येतो, कधी तरी, त्यांच्या सवडीनं. पण त्याची वाट कोण बघतो? मुदत संपताना अप्रेंटिसला गिरणीतलं एक खरंखुरं काम एकट्याला करावं लागतं. ते चालू करतात आणि अंकल एगबर्ट बेअरिंगवर तळवा ठेवून उभा राहतो. त्याला पटलं, की तो दाराशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्याजवळ जातो आणि घणाचा एक ठोका देतो. तो ठोका पडला रे पडला, की ज्याच्या हातात जे असेल त्यानं तो समोरचं लोखंड बडवतो. पाना, हातोडा, बादली, काहीही. तो दणदणाट पार उसाच्या बांधापर्यंत जातो. खुरपणीच्या बाया कंबर सरळ करून विचारतात, आज कुणाचं पोर फिटर झालं? आणि ठोका नाही पडला, तर सहा महिने स्टोअरच्या खिडकीत नटबोल्ट वाटत बसायचं. गाळपात नवख्याला गिरणीत कोण ठेवणार?

चौथं वर्ष संपत आलं आणि वेव्हेलचं लोखंड सोमवारी वाजलं. त्या संध्याकाळी दुलारीनं भात वाढता वाढता विचारलं, "तुझं कधी गं वाजणार?"

"गुरुवारी."

"वाजणार ना पण?"

"मा, तू बांधावर कान देऊन उभी राहा. बस्स."

रौतीच्या वाट्याला ऊस तोडणाऱ्या पात्यांचा शाफ्ट आला होता. कालव्यातल्या पडाव-होड्यांतून ऊस आला की पहिल्यांदा याच पात्यांखाली जातो, आणि शाफ्ट फिरतोही जोरात. हे थांबलं तर अख्खा कारखाना थांबला. तिनं खालचं अस्तर असं बसवलं होतं की वेव्हेलसुद्धा टॉर्च लावून बघत राहिला आणि चेष्टा करायची विसरला.

गुरुवारी सकाळी सगळे जमले. मुख्य इंजिनिअर दा सिल्वा साहेब आला. चांगला माणूस, फिटरच्या कामात उगाच नाक न खुपसणारा. वाफ सोडली, पाती घुमायला लागली. अंकल एगबर्टनं मोजा काढून बेअरिंगच्या टोपणावर तळवा ठेवला. रौती त्याच्या शेजारी उभी. लोकांच्या हातात पाने, हातोडे तयार. वेव्हेलनं तर कुठून तरी भलं मोठं पातेलं पैदा केलं होतं.

वेळ जात होता. अंकलचा तळवा तसाच होता, अगदी निवांत. त्याची मिशी हसत होती. तो हळूच म्हणाला, "छान जमलंय, पोरी," आणि त्यानं रुळाकडे नजर टाकली.

तेवढ्यात रौतीच्या नाकाला वास आला. अगदी जरासा, तापलेल्या तेलाचा. दुसऱ्या कुणाला आलाही नसता, पण जळलेल्या पंपाचा वास ज्याच्या नाकात एकदा शिरलाय तो विसरत नाही. तिनं अंकलच्या हाताशेजारी स्वतःची बोटं टेकवली आणि चटकन मागे घेतली. चटका बसला होता. आणि अंकलचा हात? तिथेच. त्याच टोपणावर, सपाट.

 या महिनाभरात तिनं त्याला उकळत्या चहाचा पत्र्याचा मग कान न धरता, सरळ मुठीत घेऊन पिताना पाहिलं होतं. काय हात आहे म्हाताऱ्याचा, असं कौतुक केलं होतं तिनं. आता कळलं. त्या हाताला काही कळतच नव्हतं.

गप्प राहिली असती तर चार पावलांवर रूळ होता. ठोका पडला असता, बांधावर आईनं ऐकलं असतं, आणि बेअरिंगचं काय ते मग मागाहून गुपचूप बघता आलं असतं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला. आणि बोललं तर? सगळ्यांदेखत अंकलच्या हाताची अब्रू जाणार. पण पाती अजून घुमत होती, आणि बेअरिंग तिचं होतं. तिला भयंकर राग आला, बेअरिंगचा, अंकलचा, स्वतःचा.

"बंद करा!" ती किंचाळली. "वाफ बंद करा!"

पाती घरघरत थांबली. दा सिल्वा साहेब पुढे आला. "काय झालं?"

"माझं काम आहे, साहेब. मला पटलेलं नाही."

"पण एगबर्टचा हात होता की त्यावर. एगबर्ट, तुझं काय म्हणणं?"

अंकलनं हात खिशात घातला होता. तो एकदा रौतीकडे बघून म्हणाला, "काम तिचं आहे साहेब. तिनं थांबवलं म्हणजे थांबलं. उद्या सकाळी पुन्हा लावू."

लोक कुरकुरत पांगले. वेव्हेल पातेलं काखेत मारून तिच्या कानाशी आला. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? म्हातारा ठोका मारायलाच निघाला होता ना!"

"तू ते पातेलं जागेवर ठेवून ये," रौती म्हणाली. "कुणाच्या तरी स्वयंपाकाचं असेल."

मागच्या अंगणात, नळापाशी तिनं अंकलला गाठलं. तो हातावर पाणी घेत होता. तळवा लाल झाला होता आणि अंगठ्याखाली फोड टरारून वर आला होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"गेल्या गाळपापासून. शुगर आहे म्हणतो डॉक्टर. पायांना तर आधीच कळेनासं झालं, आता हात." तो हसला. "जन्मभर साखर बनवली, ती अशी फिटली."

"हसू नका! सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं की दुसऱ्या दिवशी गेटवरची खुर्ची. येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत बसायचं."

"आणि मला तसंच पास करणार होता? हाताला कळत नसताना?" तिचा आवाज फाटला. "चार वर्षं घासतेय मी, अंकल. असा ठोका हवा होता का मला?"

म्हाताऱ्यानं नळ बंद केला. 

"तुझं काम आहे म्हणजे ते तापणार नाही, असं धरून चाललो होतो," तो म्हणाला.

"तापलं होतं! अंडं उकडलं असतं त्यावर!"

"हं. मग चल, का तापलं ते बघू. माझे डोळे अजून शाबूत आहेत."

दोघांनी बेअरिंग उघडलं. तळ बघत राहावा असा होता, बारीक निळे ठिपके, एकसारखे. पण अस्तराच्या दोन्ही बाजू घासून आरशासारख्या चकाकत होत्या. तिथे शाफ्ट चिमटला होता. अंकलनं नखानं ती चकाकी दाखवली.

"इथून तेल आत जातं. त्याला जागा कुठे ठेवलीस?"

रौतीनं कपाळावर हात मारला. फट राहील, पुन्हा हसं होईल, म्हणून तिनं बाजूसुद्धा अशा आवळून बसवल्या होत्या की तेलाला शिरायला वाव नव्हता. एकदा रंग जास्त झाला म्हणून नाक कापलं गेलं, आणि आता अतिशहाणपणानं! ती स्वतःलाच एवढं बोलली की अंकलला तिला थांबवावं लागलं.

"शिव्या झाल्या असतील तर स्क्रेपर घे," तो म्हणाला.

बाजू मोकळ्या करायला तिला दुपार पुरली. घरी आईनं विचारलं, "आज वाजलं नाही गं काही?" रौती म्हणाली, "मीच वाजू दिलं नाही." दुलारीनं तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

शुक्रवारी सकाळी पुन्हा सगळे जमले. या वेळी चेहरे जरा आंबटच. वाफ सोडली, पाती घुमली. अंकल एगबर्ट पुढे आला, पण त्यानं मोजा काढला नाही. त्यानं रौतीचं मनगट धरलं आणि तिचा तळवा टोपणावर ठेवला.

"साहेब," तो मोठ्यानं म्हणाला, पात्यांच्या आवाजाच्या वरताण. "माझ्या हाताला आता ऊन-थंड कळत नाही. वर्ष झालं. काल बेअरिंग तापलं होतं आणि मी ठोका मारायला निघालो होतो. हिनं थांबवलं, आणि माझी लाज झाकायला स्वतःवर घेतलं. आजपासून या कारखान्यात हात हिचा."

 दा सिल्वा साहेबानं डोक्यावरची टोपी काढली. वेव्हेल, जन्मात कधी गप्प न बसलेला वेव्हेल, पातेलं छातीशी धरून उभा राहिला. रौतीला समोरचं धुरकट दिसायला लागलं होतं.

"रडू नको. सांग," अंकल म्हणाला.

तिनं घाई केली नाही. शाफ्ट फिरत होता, तेल वाहत होतं, आणि ती तळव्यानं ऐकत होती. लोक या पायावरून त्या पायावर व्हायला लागले तरी ती बोलेना.

"काय, गार आहे ना?" साहेबानं विचारलं.

"गार नाही, साहेब. कोमट आहे," रौती म्हणाली. "पण आहे तिथेच थांबलंय. वर चढत नाही."

अंकल एगबर्ट खदखदून हसला. "चालतं बेअरिंग गार कुठलं? गार म्हणाली असतीस ना, तर सहा महिने स्टोअरमध्ये बसवली असती!"

आणि तो रुळाकडे गेला. घण उचलताना त्यानं मूठ डोळ्यांनी बघून नीट धरली. मग असा ठोका हाणला की छपरावरची कबुतरं उठली. त्यामागून पाने, हातोडे, बादल्या, साखळ्या, आणि सगळ्यांच्या वर वेव्हेलचं ते पातेलं. बडवून बडवून त्याचं बूड आत गेलं. बांधावर दुलारीनं खुरपं खाली टाकलं. शेजारणीनं विचारलं, "कुणाचं गं?" आणि तिनं नुसतं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

रौती रडत होती आणि मोकळ्या डाव्या हातानं तोंड पुसत होती. कालचा निळा नखांत राहिला होता, तो गालभर झाला.

"निळी!" वेव्हेल ओरडला. "अगं हात काढ आता, फिटर झालीस तू!"

पण तिनं हात काढला नाही. अंकल एगबर्टनं अजून काढ म्हटलं नव्हतं.